रडक्या खडकावरची पिल्लं

पावसाळ्यात जव्हारचा दवाखाना गाठायचा म्हणजे अर्धा दिवस चिखल तुडवायचा आणि वाटेत दोन ओहोळ ओलांडायचे. पोटातलं पोर तेवढं थांबत नाही. म्हणून साखरशेतच्या आसपासच्या पाड्यांवर कुणा बाईला कळा लागल्या की घरचा माणूस जो धावत सुटायचा, तो थेट फागीच्या दारात येऊन उभा राहायचा. संस्थानच्या राजवटीतली ही गोष्ट, विसाव्या शतकाची पहिली दहा-बारा वर्षं सरली होती तेव्हाची.

फागी पन्नाशीची, बुटकी आणि तोंडाने भारी फटकळ होती. तिची एक खोड सगळ्या पाड्यांना ठाऊक होती. पोर बाहेर आलं की बाकीच्या सुइणी आधी मुलगा की मुलगी ते ओरडून सांगत. फागी गप्प राहायची. पोराला दाराच्या उजेडात न्यायची, नखं बघायची, कानाची पाळी दुमडून सोडायची, पाठीवरून अंगठा फिरवायची, तळपाय निरखायची आणि मग बोलायची, ‘पुरं आहे,’ नाहीतर ‘अपुरं आहे, ऊब द्या.’ बायका चेष्टा करायच्या, की फागी पोराला बाजारातल्या कोंबडीसारखं उलटंसुलटं करून बघते. करोत बापड्या. अपुऱ्या दिवसांची कितीतरी पोरं या खोडीमुळे जगली होती आणि त्यांतली काही आता तिच्याच तोंडावर तिची चेष्टा करत होती.

ती जे हातात धरून बघायची तेवढंच बोलायची. तिची अक्कल म्हणा, श्रीमंती म्हणा, सगळी तेवढ्यात होती.

त्या वर्षी आषाढ सरता सरता मुंबईहून एक गृहस्थ साखरशेतला आले. हरिश्चंद्र विजयकर त्यांचं नाव. तिथल्या एका संग्रहालयात ते प्राण्यांच्या नोंदी ठेवत. दरबारची परवानगी काढून, काचेच्या बरण्यांची पेटी घेऊन ते चावडीच्या ओट्यावर मुक्कामाला राहिले, कशासाठी, तर पाचोळ्यातले बेडूक पकडायला! बेडकासाठी माणूस मुंबई सोडून येतो हे ऐकून पाडे हसून हसून बेजार झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव ‘बरणीसाहेब’ पडलं आणि तेच टिकलं.

माणूस मात्र कामाचा पक्का होता. डोंगरातल्या ऐनाच्या आणि जांभळाच्या कुजत्या पाल्यात अंगठ्याच्या पेराएवढे तपकिरी बेडूक असतात. चालताना पायाखालून टुणकन उडतात आणि पुन्हा पाल्यावर पडले की दिसेनासे होतात. हे कुठल्या प्रजातीत मोडतात ते साहेबांना ठरवायचं होतं. प्रजाती म्हणजे काय, हे त्यांनी ओट्यावर जमलेल्यांना छान समजावून सांगितलं. ‘तुमच्यात कुळं असतात ना? एका कुळात पुष्कळ घरं, तशी एका प्रजातीत पुष्कळ जाती. बेडकांचंही कूळ शोधावं लागतं.’ ते लोकांना पटलं. कुळाचा विषय निघाला की डोंगरात कुणालाही पटतं.

फागी बाळंतिणीच्या काढ्यासाठी मुळ्या खणायला रोज रानात जायची. तीही पाच-सात बेडूक पानाच्या पुडीत बांधून घेऊन आली. साहेबांनी एकेक बेडूक चिमटीत धरला, बोटांच्या टोकांवरच्या चकत्या पाहिल्या, पायातला पडदा पाहिला, पाठीवरच्या घड्या पाहिल्या आणि ओहोळाकाठच्या बेडकांची जी बरणी होती तिच्यातच सगळे टाकायला निघाले.

‘सायेब, ते तठं नका घालू,’ फागी म्हणाली. ‘ते येगळ्या कुळाचे.’

‘कशावरून?’

‘त्यांची पोरं पाण्यात नाय वाढत. रडक्या खडकावर वाढतात.’

रडका खडक म्हणजे पाड्यामागच्या उतारावरची एक काळी कातळी भिंत. पावसाळाभर तिच्यावरून पाणी नुसतं पाझरत असतं. साचत कुठेच नाही. फागी कित्येक वर्षं बघत आली होती. त्या ओल्या दगडावर अंडी असतात. त्यांतून लांब शेपटीची काळपट पिल्लं निघतात, दगडालाच चिकटून शेवाळ खरवडून खातात, शेपूट असतानाच त्यांना मागचे पाय फुटतात, आणि हात लावायला जावं तर ती शेपटीच्या झटक्याने दगडावर उड्या मारतात.

साहेब खो खो हसले. ‘अगं, बेडकाचं पिल्लू पाण्यावाचून? शेपूट, पाय आणि वर उड्यासुद्धा? पाल बघितली असशील तू. बेडकाचं पिल्लू पाण्यातच वाढतं, हे शाळेतलं पोर सांगेल. उगाच थापा मारू नकोस.’

ओट्यावरचे सगळे हसले. हसणाऱ्यांत पोश्या होता, आणि सगळं बिघडलं ते तिथे.

पोश्याची सून तानी तीन दिवसांपूर्वी बाळंत झाली होती. पोर फागीच्याच हातावर आलं होतं. पोश्याचा मुलगा जिव्या दिवाळी होताच कार्तिकात वसईकडे लाकूडतोडीला गेला होता, तो पौषात परतला. श्रावण संपता संपता पोर झालं. बोटांवर महिने मोजायला शाळा लागत नाही. मोखाड्याकडच्या भाऊबंदांनी मोजून पोश्याच्या कानात घातलं, की नऊ महिने मागे गेलं तर जिव्या घरात नव्हताच, मग हे पोर कुणाचं? पोश्या वाईट माणूस नव्हता, पण हलक्या कानाचा होता.

फागीने पोर हातात घेतलं त्याच घटकेला सांगून टाकलं होतं, ‘अपुरं आहे. दीड महिना आधी आलंय. जिव्याचंच.’

भाऊबंद म्हणाले, आषाढातल्या उपासमारीत सगळीच पोरं बारकी निघतात, बारकं म्हणजे अपुरं कशावरून? फागीजवळ त्याला उत्तर होतं. भुकेलेल्या आईचं पोर सुकलेलं असतं, पण त्याची नखं बोटाच्या टोकापर्यंत आलेली असतात, कान दुमडला तर उसळून परत येतो आणि तळपायावर रेघा असतात. तानीच्या पोराची नखं आखूड होती, कानाची पाळी दुमडली तर तशीच राहत होती, पाठीवर लव होती आणि तळपाय साफ गुळगुळीत होते. हे सगळं तिने उजेडात बघितलं होतं. पण बघणारी ती एकटीच होती. सोयराच्या त्या खोलीत पुरुष जात नाहीत, आणि तानीची शुद्ध तेव्हा जागेवर नव्हती.

पाचवीच्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्याने पोर मांडीवर घ्यायचं असतं. पोश्याने घेतलं नाही.

‘मुंबईचा शिकलेला माणूस जिला भर चावडीवर थापाडी म्हणतो, तिच्या शब्दावर मी पोर कुळात घेऊ?’ तो अंगणातून म्हणाला. ‘नव्याच्या दिवशी सगळं कूळ जमंल. तवा काय ते ठरंल. नाय ठरलं तर तानीनं पोर घेऊन आईकडं जावं.’

हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात तयार झालं की त्याचा पहिला भात शिजवून देवाला आणि कुळातल्या गेलेल्या माणसांना दाखवतात, आणि मग सगळं घर एका पंगतीला बसून तो खातं. त्याला ‘नवं’ म्हणतात. त्या पंगतीला कुळाबाहेरचं माणूस बसत नाही. नव्याला अजून महिनाभर होता. जिव्या कुडाला टेकून बसला होता. ‘माझंच हाय,’ तो पुटपुटला, पण बापापुढे त्याचा आवाज कधी चढलाच नव्हता.

फागी आत गेली. सावरीच्या कापसात गुंडाळलेलं पोर तानीने छातीशी धरलं होतं आणि ती रडत होती. फागीला पोश्यापेक्षा स्वतःचाच राग आला. बेडकाच्या भानगडीत तिने तोंड घातलं नसतं, तर तिचा शब्द असा रस्त्यावर पडला नसता.

‘रडू नको, दूध आटंल,’ ती म्हणाली. ‘माझा शब्द मी उचलून आणते.’

दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर जाऊन उभी राहिली. ‘सायेब, ती पिल्लं वाढवून बेडूक करून दाखवली तर तुम्ही पोश्यापुढं सांगाल?’

साहेबांना तानीचं काही माहीत नव्हतं. फागीने सांगितलं तेव्हा ते चपापले. आपल्या हसण्याने एखाद्या लेकराचं घर जाऊ शकतं, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ‘दाखव,’ ते म्हणाले. ‘खरं निघालं तर जमलेल्या सगळ्यांसमोर सांगेन. शब्द देतो.’

आणि इथे फागीने अशी चूक केली, जी फक्त सुईणच करील. खडकावरची दहा-बारा पिल्लं तिने शेवाळाच्या दगडासकट बांबूच्या रोवळीत घालून घरी आणली, वर ओला पाला टाकला, आणि रोवळी चुलीजवळ ठेवली. अपुऱ्या पिल्लांना ऊब पाहिजे! आयुष्यभर तिने हेच केलं होतं, तानीचं पोर याच उबेने तग धरून होतं. सकाळी बघते तो दगड कोरडा ठणठणीत आणि पिल्लं त्याला चिकटून वाळलेली. ती बराच वेळ रोवळी मांडीवर घेऊन बसली. तिच्या हातून जीव गेले की ती जेवत नसे. त्या दिवशीही जेवली नाही.

एवढ्यात भादवा लागला आणि पावसाने दडी मारली. ती खडकावर गेली तेव्हा निम्मा खडक कोरडा पडला होता. वरच्या कोपऱ्यात जरा ओल होती आणि तिथे पाच पिल्लं उरली होती, मोजून पाच. या खेपेला तिने त्यांना हात लावला नाही. ज्याचं पोर त्याच्या घरीच वाढवायचं, एवढी अक्कल तिला आली होती. तिने बांबू चिरून पन्हळ केली, वरच्या झऱ्याची धार तिच्यातून खडकावर आणली, आणि पिल्लांवर रोवळी पालथी घालून तिच्या कडा चिकणमातीने लिंपून टाकल्या. मग साहेबांना बोलावून आणलं.

‘तुमची खूण करा. नायतर म्हणाल, बाईनं मधीच बेडूक आणून ठेवला.’

साहेबांनी बोटातली अंगठी काढून तिचा छाप ओल्या मातीत उमटवला. पुढे रोजचा तो नेमच झाला. रोज सकाळी साहेबांनी छाप तपासायचा, माती फोडायची, पिल्लं मोजायची, पुन्हा लिंपून छाप मारायचा. तीन-तीन दिवसांनी शेवाळ संपलं की फागी रोवळी वीतभर पुढे सरकवायची.

पहिले दोन दिवस साहेब छत्री धरून उभ्या उभ्या बघून गेले. तिसऱ्या दिवशी एक पिल्लू त्यांच्या देखत शेपूट झटकून दगडावर सपकन उडालं, पाण्याचा टिपूसही साचलेला नसताना. साहेबांची छत्री खाली पडली. त्यानंतर मुंबईचा हा गृहस्थ ओल्या कातळावर पालथा पडून, भिंग डोळ्याला लावून पिल्लांची तोंडं बघत बसू लागला. शेतावर जाणाऱ्या बायका त्यांना बघून तोंडाला पदर लावायच्या.

‘फागीबाई,’ एक दिवस ते म्हणाले. हे ‘बाई’ केव्हा चिकटलं ते त्यांनाही कळलं नाही. ‘हे तुम्हाला सुचलं कसं? आम्ही मेलेला बेडूक हातात घेतो आणि बोटं मोजतो. चकत्या सारख्या, घड्या सारख्या, म्हणजे कूळ एक. जन्मला कसा, वाढला कुठे, हे आम्ही विचारतच नाही.’

‘मोठेपणी समदी सारखीच दिसतात सायेब,’ फागी पन्हळीतला पाला काढत म्हणाली. ‘माणसंबी. जलमताना बघावं लागतं.’

साहेबांनी ते वहीत उतरवून घेतलं. फागीला त्याचं हसू आलं.

पाचांतली दोन पिल्लं मेली. एक दिवस पन्हळ गुरांनी पाडली, तेव्हा फागी ओंजळीने पाणी घालत दुपारभर तिथेच बसून राहिली. मग उरलेल्यांना पुढचे पाय फुटले, तोंडं रुंद झाली, आणि शेपट्या आखडू लागल्या. इकडे तानीचं पोर अंग धरत होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या ताठ झाल्या, पाठीवरची लव झडली, नखं वाढून टोकाला आली. तानीला आनंद होत होता, आणि फागीला आत कुठेतरी धास्ती वाटत होती. पोर जितकं चांगलं होत होतं, तितका तिच्या शब्दाचा पुरावा पुसला जात होता.

नव्याचा दिवस उगवला. पोश्याच्या अंगणात कूळ जमलं, मोखाड्याचे भाऊबंदही आले. तानी पोर घेऊन दाराआड उभी होती आणि तिच्या पायाशी माहेरी न्यायचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. फागी आली, मागून साहेब आले. तिच्या हातात पळसाच्या पानाचा द्रोण होता.

तिने द्रोण पोश्यापुढे धरला. आत अंगठ्याच्या नखाएवढा एक तपकिरी बेडूक बसला होता. बोटांना चकत्या, पाठीवर घड्या, अगदी पाचोळ्यातल्या बेडकासारखा. फक्त बुडाशी अजून शेपटीचं एक काळं बोंड उरलं होतं.

साहेब पुढे झाले. ‘मी या बाईंना सगळ्यांसमोर थापाडी म्हणालो होतो,’ ते म्हणाले. ‘आता सगळ्यांसमोर सांगतो. हे पिल्लू मी स्वतःच्या छापाखाली खडकावर वाढताना पाहिलं. थेंबभर साचलेलं पाणी त्याला लागलं नाही. माझी बरणी चुकली होती, या बाई बरोबर होत्या. पाचोळ्यातले बेडूक मी त्या बरणीतून काढून वेगळे ठेवले आहेत.’

अंगणात कुजबुज झाली. पोश्याने बेडकाकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

‘बेडकाचं खरं निघालं,’ तो म्हणाला. ‘त्यानं पोराचं खरं ठरतं काय?’

सवाल रास्त होता. साहेबांनी फागीकडे पाहिलं.

‘नाय ठरत,’ ती म्हणाली. ‘पोश्या, ही शेपूट बघ. नीट बघून घे. दोन दिवसांनी ही नसंल. मंग कुणीबी हा बेडूक हातात घेऊन म्हणंल, याला शेपूट नव्हतीच, हा खडकावर नव्हताच. खोटं कसं ठरवशील? ज्यानं शेपूट होती तवा बघितलं, त्यालाच इचारावं लागंल ना?’

पोश्याने द्रोण जवळ ओढला.

‘तुझ्या नातवाच्या पायाला आता रेघा आल्यात. जा, बघ. पुऱ्या पोरासारख्या. पर जलमला तवा तळवा असा गुळगुळीत होता, धुतल्या गोट्यावानी. त्या येळी बघणारी मी एकलीच. माझ्या हाताखाली तू जलमलेला नायस, नायतर तुझंबी सांगितलं असतं.’ कुणीतरी फिसकन हसलं. फागी हसली नाही. ‘मी न बघता कधी बोलले असंन तर आत्ता सांगा. कूळ बसलंय समोर. कुणीबी सांगा.’

अंगणात बसलेल्या निम्म्या माणसांची पोरं तिने दाराच्या उजेडात धरलेली होती. एक म्हातारी तेवढी उठली आणि म्हणाली, ‘माझ्या पोरीला तिनं अपुरी म्हणलं तवा मी भांडले होते. पोरगी जगली ती तिच्यामुळं.’

पोश्याने वाकून द्रोणातली शेपटी बघितली. मग त्याने हात धोतराला पुसले आणि दाराकडे पाहून म्हणाला, ‘तानी, पोर आण.’

ती आली. त्याने पोर मांडीवर घेतलं, तळपाय हातात धरून आधी डावा बघितला, मग उजवा, आणि नव्या भाताचं एक शित बोटावर चुरून त्याच्या ओठाला लावलं. पोराने तोंड वेडंवाकडं केलं. जिव्या दिवसाढवळ्या, सगळ्या कुळासमोर, ढसाढसा रडला. गाठोडं कुणी सोडलं ते कळलं नाही. पोराचं नाव बारक्या ठेवलं.

पंगत उठल्यावर साहेबांनी हळूच बेडूक मागितला. बरणीत ठेवला असता तर पुराव्याला बरं झालं असतं.

‘साक्षीला आणलाय, मारायला नाय,’ फागी म्हणाली आणि द्रोण घेऊन खडकाकडे चालू लागली. साहेबांनी हट्ट केला नाही. त्यांच्या वहीत पिल्लाची रोजची चित्रं होती. ती त्यांनी एका मोठ्या जाणकाराकडे धाडली. वर्षभराने उत्तर आलं, की पिल्लांचं हे वेगळेपण खरं असेल तर या बेडकांचं कूळ नव्याने तपासावं लागेल, पण अशा कामाला वर्षं लागतात. साहेबांच्या वहीत पहिल्या चित्राखाली मात्र एक ओळ होती: ‘दाखवणारी, फागी सुईण, साखरशेत.’ ते उत्तर वाचून दाखवायला ते मुद्दाम साखरशेतला आले. फागीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘लागू द्या वर्षं. खडक कुठं जात नाय.’

पुढच्या पावसाळ्यात पोश्याच्या धाकट्या सुनेला कळा लागल्या. फागीला बोलवायला पोश्या स्वतः भिजत धावत गेला. ती आत शिरली, दार लागलं, आणि थोड्या वेळाने पोराचं रडणं ऐकू आलं. बाहेर ओसरीवर भाऊबंद बसले होते. कुणीतरी बोटं उघडून महिने मोजायला लागलं, तशी पोश्याने त्याची बोटं हाताने मिटवली.

‘मोजू नको,’ तो म्हणाला. ‘ती उजेडात येऊन सांगंल.’